कपातीनंतर

बाई मोजणी कचेरीला कुलूप लावत होत्या, तेवढ्यात दोघे भाऊ भांडत आले. धाकट्याच्या हातात पहार होती.

“यानं मधली भिंत हातभर माझ्याकडे सरकवून बांधलीय. मोजून द्या, नाहीतर आज भिंत तरी पडेल नाहीतर हा तरी!”

“कचेरी बंद झाली,” बाई म्हणाल्या.

“मग उद्या येतो.”

“कायमची बंद झाली.”

बाई नोकरीला लागल्या तेव्हा इथे दोघांत एक टेबल होतं आणि कारकून जिन्यातही बसत. पुढे सरकारला आपलं अंग फार सुटलंय असं वाटू लागलं. आधी वरचा मजला गेला, मग खालचा. शेवटी एकट्या बाई उरल्या होत्या. आज सकाळी त्यांनाही नारळ मिळाला.

धाकटा पहार उचलून तरातरा निघाला. बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली, शेजारच्या दुकानातून सुतळी मागून घेतली आणि दोघांच्या मागोमाग गेल्या. दोन्ही अंगणं मोजली. भिंत चुकली होती, पण वीतभरच.

थोरल्यानं विचारलं, “कुठल्या अधिकारानं सांगताय?”

“आता कुठल्याच नाही. पटलं तर ऐका.”

थोरल्यानं सुतळी स्वतः ताणून पाहिली. मग त्यानं धाकट्याच्या हातून पहार काढून घेतली आणि भिंतीचा पहिला दगड स्वतःच उपटला. बाई घरी आल्या त्या गुणगुणतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पायरीवर तिघं जण बसले होते. आठवडाभरात रांग फाटकापर्यंत गेली. बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, कुणाला परत पाठवायच्या नाहीत. नवरा म्हणाला, “कचेरी होती तेव्हा निदान रविवार तरी आपला असायचा.”

मग एके दिवशी कचेरीतला जुना शिपाई आला. पहिल्याच कपातीत त्याला घरी बसवलं होतं. “बाई, एवढी माणसं! कुणीतरी बघायला नको?” असं म्हणून त्यानं स्वतःचं स्टूल आणून फाटकात टाकलं. बाईंना हायसं वाटलं.

दुपारी रांग ओसरली. बाई रिकाम्या हातानं खिडकीत उभ्या होत्या. एक म्हातारी काठी टेकत फाटकाशी आली.

शिपायानं मान वर न करता सांगितलं, “बाईसाहेब जेवायला बसल्यात. उद्या या.”