कीटोची भाजी

डॉक्टरांनी बसचालकाला स्पष्टच बजावलं होतं, "महिन्याभरात पाच किलो उतरले नाहीत, तर बस विसरा." डाएटवाल्या मॅडमची यादी खिशात होती, पण चष्मा घरीच राहिला होता. भाजीच्या गाडीशी उभं राहिल्यावर बिचाऱ्याचा हात सवयीने बटाट्यांकडेच गेला.

"मावशी, ते कीटो का काय ते सुरू केलंय. काय काय चालेल हो?"

"मग ते बटाटे कशाला धरलेत छातीशी?" भाजीवाली मावशी कडाडली. "जमिनीखालचं काही खायचं नाही. गाजर नको, बीट नको. मटारचंही नाव काढू नका. फ्लॉवर घ्या, पालक घ्या, काकडी हवी तेवढी खा."

बघता बघता पिशवी हिरवीगार झाली. बसचालक थक्कच झाला.

"धन्य आहात मावशी! हेच समजवायला नाक्यावरच्या डाएटवाल्या मॅडमना पाऊण तास लागला होता. तुम्ही कुठे शिकलात?"

"मॅडमकडूनच. रोज संध्याकाळी भाजीला येतात की माझ्याकडे."

"वा! म्हणजे स्वतःसुद्धा अगदी काटेकोर पाळतात तर!"

 

"ते जाऊ द्या. हातातले बटाटे त्या कोपऱ्यातल्या पिशवीत टाका, मॅडमनी दोन किलो सांगून ठेवलेत."