लॉनमधली हुमणी

सीतारामने मूठभर गवत धरून ओढलं, तर ते सतरंजीसारखं उचललं गेलं. मुळं कुरतडलेली. खाली मातीत कोयरीसारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या.

"परत हुमणी," तो म्हणाला.

पायरीवर बसून त्याची बायको कौसल्या तांदूळ निवडत होती.

माटुंग्याच्या या तळमजल्यावर, खिडकीखालच्या चार खाटांएवढ्या जागेत त्यांच्या मुलाने, प्रफुल्लने, हौसेने लॉन लावलं होतं. श्रावणात बाईकवरून पडल्याचं निमित्त होऊन प्रफुल्ल गेला. तेव्हापासून सीतारामला दुसऱ्या कशात मन घालता येईना.

गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा आधी त्याने किडे वर यावेत म्हणून साबणाचं पाणी ओतून पाहिलं. वर काहीच आलं नाही. मग खुरप्याने उकरलं तेव्हा हुमणी दिसली. औषध कालवून शिंपडलं, गवत सावरलं. आठवड्याने दुसरीकडे पिवळा डाग.

डाग पडला की कावळे उतरायचे, चोचीने माती उपसायचे. सीताराम त्यांना हाकलायचा.

"खाऊ दे ना," कौसल्या म्हणायची. "अळ्याच खातायत."

"लॉनची वाट लावतायत, गो."

शेवटी त्याने लॉनवर जाळी ताणली. त्या दिवशी कौसल्या जेवली नाही.

जाळीखालीही नवा डाग पडला, तेव्हा सीतारामला वरच्या मजल्यावरचा यशोधन आठवला. त्याला ही जागा पार्किंगला हवी होती. सीतारामने त्याला जिन्यातच अडवलं.

"खरं सांग, रात्री-बेरात्री काय टाकतोस लॉनमध्ये?"

यशोधन खाली बघत राहिला. "काका, ते पार्किंगचं मी कधीच सोडलं. प्रफुल्लचं लॉन आहे ते."

सीतारामला ओशाळल्यासारखं झालं. भाजीला निघाला होता. तो तसाच मागे फिरला.

जाळी एका बाजूला गुंडाळलेली होती. कौसल्या गुडघे टेकून बसली होती. एका हाताने तिने गवताची कड उचलून धरली होती, दुसऱ्या हाताने डब्यातली एकेक अळी खाली सोडत होती.

"कौसल्या, काय करतेस हे?"

तिने मागे पाहिलं नाही. नजर भिंतीवर बसलेल्या कावळ्याकडे होती.

"नर्सरीतल्या शेणखतातून आणते," ती म्हणाली. "हळू बोला. दहाव्याला दुपारपर्यंत हात जोडून थांबलो, पिंडाला शिवला नाही. इथे रोज येऊन खातो."