दादाला विचारून

चॅपलमधली प्रार्थना संपली, सगळे शेजारच्या हॉलमध्ये जेवायला आले, आणि कुणीतरी उदयच्या हातात झाकलेली प्लेट ठेवली. वरच्या फॉइलवर मार्करनं लिहिलं होतं : उदय, व्हेज. साउथहॅम्प्टनच्या या चर्चमध्ये तो पहिल्यांदाच येत होता. आपण मांस खात नाही हे यांना कुणी सांगितलं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं प्लेट न उघडताच खिडकीत ठेवून दिली.

नंदा त्याची धाकटी बहीण. तीस वर्षांपूर्वी तिनं मार्टिनशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर तीही मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेली. उदय हाउन्सलोचा, गाडीनं दीड तासाचं अंतर, पण यायची ती नंदाच. दर राखीला यायची, जेवायची, संध्याकाळी परत जायची. आज ती पांढऱ्या कपड्यांत शवपेटीत होती आणि माणसं एकेक करून तिच्याबद्दल बोलून गेली होती. बिशप म्हणून जो उभा राहिला तो एरवी बस चालवायचा; यांच्यात पगारी पाद्री नसतात. दर शनिवारी गरजूंसाठीची फूडबँक उघडायला नंदाच पहिली यायची, असं तो म्हणाला.

उदय हे सगळं ऐकत होता, पण त्याला ते पटत नव्हतं. इतकं कुणी उगाच करत नाही. यातल्या किती जणांना तिनं या धर्मात ओढलं असेल, याचाच तो विचार करत होता. वॉकर घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं तसं विचारलंही. म्हातारा म्हणाला, मी कुठल्याच धर्मातला नाही. ती मला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायची, चार तास बाहेर गाडीत विणत बसायची, पण देवाचं नाव तिनं कधी काढलं नाही. उदयनं मान हलवली. विश्वास मात्र ठेवला नाही.

शेवटी त्यानं भाचीला गाठलं. तनिषा दाराशी लोकांचे कोट काढून देत होती. दारात कुणी नाही असं बघून त्यानं विचारलं, "तुझ्या आईनं आमच्या आईचं नाव इथे दिलं का?"

तनिषाला लगेच कळलं. तीन वर्षांपूर्वी नंदानं उदयला फोन केला होता. घराण्याची माहिती जमवतेय, आई गेली तेव्हा मी लहान होते, तिची जन्मतारीख आणि माहेरचं गाव सांग, म्हणाली होती. उदयनं सांगितलं खरं, पण त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. हे लोक मेलेल्या माणसांची नावं घेतात, त्यांच्या वतीनं कुणीतरी जिवंत माणूस पाण्यात उतरतो आणि मेलेल्याचा बाप्तिस्मा होतो, हे त्यानं ऐकलं होतं. त्यांची आई तर तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहासुद्धा न घेणारी. नंदाला त्यानं स्पष्ट कधीच विचारलं नाही. पण तेव्हापासून ती काय बोलते यापेक्षा ती काय लपवते, याकडेच त्याचं लक्ष असायचं.

तनिषा गाडीकडे गेली आणि एक फोल्डर घेऊन आली. त्यातला कागद तिनं त्याच्यापुढे धरला.

"मम्मीने नाव नाही पाठवलं, मामा. मुलगी म्हणून ती स्वतः यस म्हणू शकत होती, तसा रूल आहे. पण ती म्हणायची, दादा मोठा आहे."

दर राखीला विचारायचं ठरवूनच ती निघायची, तनिषानं सांगितलं. घरी परत आली की म्हणायची, आजही धीर झाला नाही.

कागदावर नंदाचं अक्षर होतं. आईचं नाव. जन्म : चौदा मार्च. माहेर : कोपरगाव. त्याखाली तिनं लिहिलं होतं : दादाला विचारून.

उदय पहिल्या दोन ओळींकडे बघत राहिला. आई चौदा मार्चची नव्हती, कोपरगावचीही नव्हती. फोनवर त्या दिवशी तोंडाला येईल ते त्यानं सांगितलं होतं. ते नंदानं जसंच्या तसं, एकेक अक्षर नीट काढून लिहून ठेवलं होतं.

तनिषा म्हणाली की मम्मी गेल्यावर आता जवळचे तुम्हीच. तुम्ही नाही म्हणालात तर हे इथेच संपेल, डॅडनीही तसंच सांगितलंय. उदयनं हॉलमध्ये नजर टाकली. कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून असणार, असं त्याला सकाळपासून वाटत होतं. मार्टिन पाठमोरा उभा राहून एका बाईला तिचा कोट घालायला मदत करत होता. बाकीचे खुर्च्या आवरत होते. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

त्यानं पेन मागितलं. कागद भिंतीला टेकवून चौदा मार्च खोडलं आणि दोन सप्टेंबर लिहिलं. कोपरगाव खोडून राहुरी लिहिलं. राहुरी नीट उमटलं नाही, म्हणून ते दुसऱ्यांदा गिरवलं. मग त्यानं कागद तनिषाच्या हातात दिला.

"म्हणजे हो का, मामा?"

"ते मला नाही सांगता येत," उदय म्हणाला. "तिला मी खोटं सांगितलं होतं."