चित्रातली घरची माणसं

नवी सोसायटी बांधून झाल्यावर कशी दिसेल, त्याची चित्रं मी कॉम्प्युटरवर बनवतो. साहेब म्हणाले, "चित्रातली माणसं आपलीशी वाटली पाहिजेत." मग घरचीच घातली. आमचा फ्लॅटही तिथंच घेतलेला. बायको, लेक आणि मी, गेटपाशी हसत उभे.

चित्र तयार झालं, तर दोघी पाठमोऱ्या. फोटो मी समोरूनच काढले होते. बायकोची पाठीवरची वेणी माझ्याकडच्या एकाही फोटोत नव्हती.

म्हटलं, काहीतरी गडबड झाली असेल. पुन्हा बनवलं. आता दोघी तिसऱ्या मजल्यावर, आमच्याच फ्लॅटच्या खिडकीत खिदळत होत्या. गेट बंद होतं. बाहेर मी एकटाच, चेहऱ्यावर तेच खुळं हसू घेऊन.

"अगं, गंमत बघ," मी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, मागोमाग लेक. दोघींनी चित्र नीट पाहिलं. नवल एकीलाही वाटलं नाही.

बायको लेकीवर खेकसली, "तुला सांगितलं होतं ना, पडदे ओढून घे म्हणून?"

"विसरले गं," लेक म्हणाली. "बाबा इतक्यात बघतील असं कुठं वाटलं होतं!"