धाडणाऱ्यापाशी

हर्सूलच्या प्रयोगशाळेत योगिनी एकमेकांशी गुंतलेल्या कणांच्या जोडीमार्फत एका कणाची अवस्था दूरच्या कणावर पाठवायची. इथली पुसल्याशिवाय ती तिथं उमटत नसे.

हे ऐकून पैठणला मेंढरं राखणारा तिचा बाप मुंजाबा हसला होता. "म्हंजे धाडणाऱ्यापाशी काईच उरत नाय व्हय?"

हल्ली तो विसरू लागला होता. आधी मेंढरांची नावं गेली. त्याच दिवशी, कामात असताना, योगिनीच्या ओठांवर आलं, "चांदी, भिंगरी, खैरी..." ही नावं तिला कुणी कधी सांगितलीच नव्हती.

आज दुपारी तिला घोंगडीत गुंडाळलेलं तान्हं बाळ आठवलं. हातांना त्याचा ऊबदार भार जाणवला. बाळाच्या कपाळावर तिचीच जन्मखूण होती.

तिनं घाईनं फोन लावला. "आबा?"

"कोण बोलतंय, बाई?" मुंजाबानं अदबीनं विचारलं.