उचकी

"दर मिनिटाला उचकी लागतेय हिला. आज बंदच करून टाक," साधले म्हणाले. अंतराळात फिरणारी क्ष-किरणांची ती दुर्बीण त्यांनीच घडवली होती. गेला आठवडाभर आलेखावर उंचवटा उमटला की ते कुठल्यातरी ढिल्या वायरीच्या नावाने खडे फोडत होते.

"सर, उचकी लागली की माझी आई एकेकाचं नाव घेते. आठवण काढणारा सापडला की थांबते," त्यांची सहायक मृण्मयी हसली आणि तिने संगणकावरून दुर्बिणीचं तोंड शेजारच्या रिकाम्या काळोखाकडे वळवलं.

वळायला अर्धा तास गेला. मग आलेख सपाट झाला.

साधले उठून उभे राहिले. "परत वळव."

उचक्या पुन्हा सुरू झाल्या.

वायर शाबूत होती. तिथे एक कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून गिळत होतं, आणि आत पडता पडता धगधगणाऱ्या वायूच्या एकेका भडक्याचे क्ष-किरण इथवर पोहोचत होते.

"किती जुनी आठवण, सर?"

"हा भडका निघाला तेव्हा माणसाला पेरणीसुद्धा ठाऊक नव्हती." साधल्यांचा आवाज अगदी खाली आला. "आणि मी वायर शोधत बसलोय!"