चार ते साडेचार

चार वाजून बारा मिनिटं झाली तरी पलंगावर टेकून बसलेले बाबा पहिल्याच चित्रावर अडले होते. चित्र कंगव्याचं होतं.

"चमचा," बाबा म्हणाले. चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळलं. "चम... नाही. कं... कं..."

"गवा," मुलीनं पूर्ण करून टाकलं आणि पुढचं कार्ड उचललं.

बाबांनी डाव्या हातानं ते खाली दाबलं. उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर मांडीवर पडून असायचा. कंगवा त्यांना स्वतःला म्हणायचा होता. बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, शब्द त्यांच्या तोंडात कोंबायचा नाही, थांबायचं. थांबायला वेळ कुठून आणायचा, ते मात्र बाई सांगत नव्हत्या.

वेळ टेबलावरच्या प्लॅनरमध्ये होता. म्हणजे रविवारी आखला तेव्हा होता. पट्टीनं आखलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी. कॉलेज, प्रवास, चार ते साडेचार बाबा, साडेचार ते सहा औषधशास्त्र, मग स्वयंपाक, कपडे, पुन्हा औषधशास्त्र. आई दुसऱ्या पाळीहून परतेपर्यंत घर तिच्याच अंगावर. आज बुधवार, आणि निम्म्या चौकटी खोडून खाली ढकललेल्या. उद्याच्या तारखेभोवती लाल पेनाचं वर्तुळ होतं. हृदयाच्या औषधांचा धडा तिनं अजून उघडलासुद्धा नव्हता.

"बाबा, जरा भरभर करू या ना. अठरा मिनिटं उरलीत."

पंचवीस वर्षं खच्चून भरलेल्या बसमध्ये खणखणीत आवाजात तिकिटं विचारलेला माणूस तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग त्यांनी कार्डं बाजूला सारली आणि टेबलाकडे बोट केलं.

"प," बाबा म्हणाले. "प... प..."

"पाणी?"

मान हलली. नाही.

"पंखा? पंखा लावू?"

नाही. बोट टेबलाकडेच.

"पाय दुखतोय? पांघरूण? पडदा? पेपर वाचायचाय?" एका प्रश्नावर त्यांची मान पुरती हलायच्या आत ती दुसरा फेकत होती. टेबलावर प्लॅनरशेजारी पाण्याचा जग होता. पाणीच असणार. तिनं ग्लास भरून त्यांच्या ओठांना लावला. बाबांनी तो हातानं उडवला.

चादर, उशी, सदरा, सगळं ओलं. त्यांना कुशीवर वळवून तिनं चादर ओढून काढली, जड पाय उचलून दुसरी घातली, सदऱ्याची बटणं काढली, लावली. चार बेचाळीस. फोन वाजला. मैत्रीण विचारत होती, "हृदयाचं झालं का गं? माझं दुसऱ्यांदा चाललंय." तिनं फोन ठेवून दिला.

"मला काय स्वप्न पडतं का तुम्हाला काय हवंय ते?" ती बाबांवर ओरडली. "सगळा दिवस यातच जातो माझा. सगळा!"

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ती टेबलाशी बसली आणि औषधशास्त्र खोडायला लागली. त्या चौकटीत आधीच तीनदा खोडलेलं होतं. रबर घासताना कागद फाटला.

"परी," मागून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं नाही.

"परी... क्षा." पुढचा शब्द जुळवायला बराच वेळ गेला. मग, "कधी?"

तिनं रबर खाली ठेवलं. आईला माहीत होतं, शेजारच्या काकूंना माहीत होतं, खालच्या दुकानदारानंसुद्धा काल विचारलं होतं. बाबांना सांगायचं राहून गेलं, असं नव्हतं. सांगितलं की ते काहीतरी विचारणार, आणि त्यांचं विचारून होईपर्यंत थांबावं लागणार.

"उद्या," ती म्हणाली. "सकाळी. तोंडी आहे."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"जा," ते म्हणाले. एका दमात.

"बाबा, मी मघाशी..."

"जा!"

पुस्तक घेऊन ती आतल्या खोलीत गेली. दार तिनं पुरतं लावलं नाही. धड्याची पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली. बाहेर कार्ड उलटल्याचा आवाज झाला.

"कु," बाबा म्हणाले. "कु... कु..."

कुलूप असेल, नाहीतर कुत्रा. गठ्ठ्यात दोन्ही होती. तिचं बोट ओळीवर तसंच राहिलं. पाच वाजून गेले.

"कु..."

दात घट्ट आवळून ती ऐकत होती.